क्रीडांगणाचा कायापालट

आमच्या गावात निवेदन देण्याची एक रीत आहे. कागद एक असतो आणि त्याला धरणारे हात आठ-दहा. ज्याचा हात कागदापर्यंत पोचत नाही तो पुढच्याच्या खांद्यावर ठेवतो. देणारे आणि घेणारे साहेब, सगळे कागद सोडून मोबाइलकडे बघत असतात. कागदात काय लिहिलंय हे त्या केबिनमध्ये एकालाही धड माहीत नसतं. ते माहीत असतं बसस्टँडसमोरच्या टायपिंगवाल्याला, आणि त्याला फोटोत कुणी बोलवत नाही. फोटो निघाला की कागद आवक-जावकच्या टेबलावर जातो, त्याच्यावर शिक्का बसतो आणि विषय संपतो. असे फोटो मी अठरा वर्षं पेपरात लावले.

मी सांगलीत छापल्या जाणाऱ्या एका दैनिकाची इथली वार्ताहर. गाव कृष्णाकाठचं, सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरचं. सांगलीचे लोक आम्हाला साताऱ्यात ढकलतात, साताऱ्याचे सांगलीत, आणि दोघांचंही फारसं चुकत नाही. गावाला नगरपालिका आहे, तेवढ्या भांडवलावर ते स्वतःला शहर म्हणवून घेतं.

या नगरपालिकेनं लोकांच्या करमणुकीसाठी काय काय केलं ते मी जवळून पाहिलंय. नदीकाठी ऑक्सिजन पार्क केलं आणि त्यासाठी तिथली करंजाची झाडं तोडली. चौकात कारंजं बसवलं. ते उद्घाटनाच्या दिवशी टँकरच्या पाण्यावर पंधरा मिनिटं उडालं, आता त्याच्या हौदात रसवंतीवाला चिपाडं टाकतो. ओपन जिम आली. तिथं सकाळी पेन्शनर मंडळी पाय हलवायच्या यंत्रावर उभी राहून देश चालवतात आणि दुपारी शेजारच्या बायका त्याच यंत्रांवर गोधड्या वाळत घालतात. मला विचाराल तर त्या यंत्रांचा खरा उपयोग बायकांनीच ओळखलाय. हास्य क्लबही आहे. त्यातली माणसं सहा वाजता हात वर करून हसतात आणि सात वाजता दूधवाल्याशी भांडतात.

या सगळ्याच्या बातम्या मी दिल्या, म्हणजे प्रेसनोट लावल्या. प्रेसनोट व्हॉट्सअ‍ॅपवर येते, फोटो सोबत असतो. कार्यक्रम नेहमी 'उत्साहात संपन्न' होतो, मग तिथं माणसं पाच असोत की पन्नास. इमारत 'सुसज्ज' असते, जरी तिला दार बसायचं असलं तरी. मी पहिलं वाक्य बदलायची, तीन विशेषणं उडवायची, वर हेडिंग द्यायची आणि पाठवून द्यायची. एका प्रेसनोटला मला चार मिनिटं लागत. खरं सांगायचं तर मी त्या वाचत नसे. पहिल्या दोन ओळी बघितल्या की खालचं सगळं आपोआप कळतं, असा माझा समज होता आणि त्याचा मला गर्व होता. नव्या वार्ताहरांना मी सांगायची, "वाचत काय बसलास? त्यात वाचण्यासारखं असतं काय?" आणि ती पोरं माझ्याकडे आदरानं बघायची.

आता मामांविषयी सांगते, म्हणजे सगळं गाव ज्यांना मामा म्हणतं त्यांच्याविषयी. मामा तरुणपणी माधवनगरला गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा ते गावी परत आले, आणि बाजारपटांगणाच्या मागं जी मोकळी जागा होती तिथं त्यांनी मुलींना खो-खो शिकवायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. गिरणीच्या संघात ते खेळलेले, तेवढीच पात्रता. त्यांच्या पहिल्या मुलींमध्ये मी होते. दोन वर्षं खेळले आणि दोन्ही वर्षं राखीव होते, कारण मला सूर मारता आला नाही. पळणारी मुलगी हातभर पुढं असताना अंग झोकून द्यायचं, पोटावर जमिनीला टेकायचं आणि बोटांनी तिची टाच शिवायची, हा खो-खोचा जीव. मी ऐन वेळी डोळे मिटायची आणि उभीच राहायची. मामा ओरडायचे, "आगं ए, भुई काय खातीय व्हय तुला?"

भुई खात नव्हती, ते त्यांचंच काम होतं. दरवर्षी पौषात ते मैदान वीतभर खणायचे. खडे वेचायचे, ढेकळं फोडायचे. पुराचं पाणी ओसरलं की नदीकाठी जो गाळ उरतो तो त्यांनी गाडीवान ओळखीचे धरून आणून ठेवलेला असायचा. तो वाळवून, पिठासारखा चाळणीनं चाळून ते वर पसरायचे. मग रोज पहाटे पाणी मारायचं, दगडी रूळ फिरवायचा, पुन्हा पाणी. नवा गाळ पंधरा दिवस सलग भिजला नाही तर त्याचा फुफाटा होतो आणि पहिल्या वाऱ्याला उडून जातो. पाणी हापशावरून बादल्यांनी यायचं, एका बादलीला दोन मुली. महिन्याभरानं ती जमीन अशी व्हायची की मुलीनं धाडकन सूर मारला तरी कोपराला फक्त माती लागे, रक्त नाही. चारी बाजूंच्या गावांतले संघ आमच्या मैदानावर खेळायला यायचे ते त्या मातीसाठी.

मामांना नगरपालिकेकडून एकच गोष्ट हवी होती. एक नळ. मैदानाच्या कोपऱ्यात एक नळ आला तर मुलींचा तासभर वाचेल, एवढंच त्यांचं म्हणणं. मी पेपरात लागल्यावर ते पहिल्यांदा निवेदन घेऊन आले तेव्हा एकटेच होते. त्या दिवसापासून ते मला 'ताई' म्हणायला लागले, आणि ते मला आवडलं हेही कबूल करते.

"एकट्याचा फोटो येत न्हाई का ताई?" त्यांनी विचारलं.

"नाही मामा. चार जण तरी लागतात."

मग ते दरवर्षी बारा मुली घेऊन जायला लागले. साहेब बदलत गेले, मुली बदलत गेल्या, कागदावरचा मजकूर तोच राहिला. मी दरवर्षी फोटो लावायची. खाली ओळ: मैदानाच्या मागणीचे निवेदन देताना खेळाडू. नळाचा उल्लेख एकदाही आला नाही, जागा नसायची.

गेल्या काही वर्षांत तिथं एक मुलगी आली होती. चौकात गाद्या भरून देणाऱ्या पिंजारीचाचांची धाकटी. अंगानं काटकुळी, पण सूर असा मारायची की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. चाचांनी दुकानातली एक जुनी गादी मैदानाला दिली होती, शिकाऊ मुलींनी पहिले सूर त्या गादीवर मारावेत म्हणून. त्यांच्या मुलीला गादी आठवडाभरच लागली. राज्याच्या संघाची निवड पावसाळ्यानंतर सांगलीत होणार होती, आणि आमच्या गावातून आजवर कुणीच गेलेलं नव्हतं. ही जाणार, हे मामांनी धरलं होतं. ते म्हणायचे, "ह्या वर्षी फकस्त माती नीट ऱ्हाऊ दे."

आणि मग पैठणीचा खेळ झाला.

तेव्हा निवडणुका लांबल्या होत्या, नगरपालिकेवर प्रशासक होता आणि नगरसेवक सगळे माजी झाले होते. पण माजी झाल्यानं त्यांचं काही अडलं नव्हतं. आमच्या वॉर्डातले माजी साहेब तर चौकाचौकांत फलकावर 'भावी नगराध्यक्ष' म्हणून हात जोडून उभे होते. माजी आणि भावी यांच्यामध्ये आत्ता आपण कोण आहोत हा प्रश्न त्यांना पडत नसे. त्यांनी बायकांसाठी पैठणीचा खेळ ठेवला. जागा मामांचं मैदान, कारण मांडवाला तीच मोकळी आणि सपाट. ती सपाट कुणी केली हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

मामा त्यांच्या घरी गेले, मीही होते तेव्हा तिथं, कार्यक्रमाची माहिती घ्यायला.

"साहेब, गाळ कालच टाकलाय. पंधरा दिस तरी कुणी चालू नये त्याच्यावर," मामा म्हणाले.

"मामा, आयाबहिणींचा कार्यक्रम हाय. एका दिवसानं काय होतंय?" साहेब म्हणाले, आणि माझ्याकडे बघून हसले. मीही हसले. मला त्या दोघांपैकी कुणाच्याच बाजूनं हसायचं नव्हतं, पण हसले.

मांडवाचे खांब मैदानात गाडले गेले. मामांनी त्याकडे पाठ केली आणि कार्यक्रमाच्या दिवशी पहाटे, रोजच्यासारखं, मैदानाला पाणी मारलं. नव्या गाळाला पाणी चुकवायचं नसतं, एवढंच त्यांच्या डोक्यात. खोडसाळपणा त्यांच्या अंगात नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी साताऱ्याहून पाहुणे आले. नाव सांगायची गरज नाही, असे पाहुणे सगळीकडे सारखेच असतात. पांढरे कपडे, पांढरे बूट. गाडीतून उतरून ते सतरंजीकडे निघाले ते वाटेवरून न जाता मैदान तोडून, कारण बायका त्या बाजूला बसल्या होत्या आणि त्यांना नमस्कार करत जायचं होतं. चौथ्या पावलाला डावा बूट गाळात रुतला. पाय वर आला, बूट खालीच. पाहुणे एका पायावर, दोन कार्यकर्ते त्यांना धरून, तिसरा गुडघ्यावर बसून बूट उपसतोय आणि समोर तीनशे बायका. आधी एक हसली, मग सगळ्या हसल्या. अठरा वर्षांत त्या वॉर्डात बायकांची एवढी मनापासून करमणूक झालेली मी पाहिली नव्हती.

पाहुण्यांचं भाषण छोटं झालं. बोलताना ते सारखे पायाकडे बघत होते. शेवटी माजी साहेबांकडे वळून माइकवरच म्हणाले, "या मैदानाचं आधी काहीतरी करा राव." साहेबांनी दोन्ही हात जोडले. खेळ पुढं रंगला, लिंबू-चमचा झाला, फुगे फुटले, एका बाईला पैठणी मिळाली आणि मैदानाची खिचडी झाली. मी बातमी दिली: पैठणीचा खेळ उत्साहात संपन्न. बुटाची गोष्ट मी लिहिली नाही. घरी मात्र ती रंगवून सांगितली.

दोन महिन्यांनी साहेबांच्या माणसाची प्रेसनोट आली. मी तेव्हा मेढ्याला मावसबहिणीच्या साखरपुड्यात होते. पंगतीत बसलेले, पानात जिलेबी पडलेली, आणि डाव्या हातात मोबाइल. पहिल्या दोन ओळी बघितल्या. क्रीडांगणाच्या विकासासाठी निधी मंजूर, माजी नगरसेवकांच्या प्रयत्नांना यश. हेडिंग टाकलं: 'क्रीडांगणाचा होणार कायापालट'. पाठवून दिली आणि जिलेबी खाल्ली. सांगलीच्या डेस्कवर त्या दिवशी जागा रिकामी होती, म्हणून ती सगळीच्या सगळी लागली, वर माझ्या नावासह.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांचा फोन आला. त्यांचा आवाज कधी असा ऐकला नव्हता.

"ताई, चौकात बोलत्यात, नळ येतोय म्हणं आपल्याला."

"येतोय की मामा. सगळंच येतंय आता," मी म्हणाले.

हे वाक्य मी का बोलले याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला काहीही माहीत नव्हतं. पण अठरा वर्षांच्या वार्ताहरणीला एखादी गोष्ट माहीत नाही असं कसं म्हणायचं? त्या दिवशी मामांनी मुलींना पेढे वाटले. बातमी कापून फाइलला लावली.

भूमिपूजनाचा खड्डा मामांनीच काढला. साहेबांना कुदळ मारायला सोपं जावं म्हणून तिथली माती त्यांनी पुन्हा चाळली. साहेबांनी नारळ फोडला, लाल फीत बांधलेली कुदळ उचलली, फोटो झाला. फोटोत मामा आहेत, ताट धरून, अर्धे. नंतर शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली. मामांची लेक कोयनानगरला असते, जावई धरणावर कामाला. दरवर्षी सुट्टीत ते महिनाभर तिकडे जात. या वेळी जाताना स्टँडवर मला भेटले. म्हणाले, "ह्या साली आल्यावर माती पुन्यांदा चाळतो. नळ असंल, चार दिसांत भिजवून काढीन." चाचांच्या मुलीला त्यांनी रोज चौकापर्यंत पळायला सांगितलं होतं.

तीच मुलगी पंधरा दिवसांनी माझ्या दारात आली. धापा टाकत.

"ताई, मैदानावर ब्लॉक उतरवायलेत. ट्रॅक्टरनं."

मी म्हटलं, कडेनं वाट करत असतील. ती म्हणाली, "कडंनं न्हाई, मधनं. खांब काढलेत."

मी गेले. खो-खोचे दोन्ही खांब भिंतीला टेकवून ठेवले होते. मामांची माती एका बाजूला ढीग करून टाकलेली, तिच्यावर शेळ्या चढल्या होत्या. उरलेल्या जागेवर खडी दाबून लाल-पिवळे सिमेंटचे पेव्हिंग ब्लॉक बसवायचं काम जोरात चालू होतं. फूटपाथला बसवतात तेच. मैदानावर. मुली जिथं पोटावर पडतात तिथं. हे करायला नुसता मूर्खपणा पुरत नाही, त्याला एका माणसाचे पांढरे बूट लागतात.

मी तशीच नगरपालिकेत गेले. बांधकामाच्या अभियंत्यांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला.

"अहो, खेळाच्या मैदानावर ब्लॉक कोण घालतं?" मी म्हणाले.

"मॅडम, आता बारमाही झालं की ते. चिखल नाही, धूळ नाही. कुठलाही कार्यक्रम घ्या," ते म्हणाले. चेहऱ्यावर जराही लाज नव्हती, उलट समाधान होतं. "आणि लपवून काय केलंय? तुमच्याच पेपरला सगळं आलं होतं. कुणाची एक हरकत आली न्हाई. आली असती तर बघितलं असतं."

घरी येऊन रद्दीतून तो अंक काढला. माझं नाव, माझं हेडिंग, खाली माझ्या हातून गेलेली बातमी. पहिल्या परिच्छेदात निधी, दुसऱ्यात आभार, तिसऱ्यात कमान आणि नळजोडणी, आणि त्याच परिच्छेदाच्या पाचव्या ओळीत स्वच्छ मराठीत: 'संपूर्ण मैदानावर आकर्षक रंगीत पेव्हिंग ब्लॉक बसविण्यात येणार आहेत.' भूमिपूजनाच्या आधी दीड महिना छापलेलं. त्या दीड महिन्यात मामा बारा मुली घेऊन गेले असते, मी चार ओळी लिहिल्या असत्या, आणि ते थांबलं असतं. साहेबांना ब्लॉकचा सोस नव्हता, त्यांना कशाचाच सोस नव्हता; फोटो निघाला असता तर त्यांनी तिथं ऊसही लावला असता. मी आयुष्यभर या लोकांना नावं ठेवली की हे वाचत नाहीत. त्या अंकाकडे बघताना मला माझी किळस आली.

मग मी काय केलं? संपादकांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, दोन महिन्यांपूर्वी आपणच कायापालट म्हणून छापलं. आता उलट कसं लिहिणार? लोक हसतील." मी म्हटलं, बरोबर आहे. मामांना कोयनानगरला फोन करायचं रोज ठरवलं आणि केला नाही.

मामा परतले ते स्टँडवरून पिशवीसकट थेट मैदानावर. चाचांच्या मुलीनं मला नंतर सांगितलं, ते आधी कमानीतून आत गेलेच नाहीत, चुकून दुसरीकडे आलो असं समजून परत फिरले. मग आत आले. ब्लॉकवर मधोमध उभे राहिले, जिथं एक खांब असायचा तिथं. कोपऱ्यात नळ होता. चांगला, नवा, पितळी. मामांनी तो सोडला, पाणी आलं. भरपूर दाबानं. त्यांनी पाय धुतले आणि नळ बंद केला.

लोकार्पणाला तेच पाहुणे आले. आदल्या दिवशी त्या नळाला पाइप लावून ब्लॉक धुतले होते. पाहुणे मैदान तोडून चालत गेले, बूट पांढरेच राहिले, आणि भाषणात त्यांनी ग्रामीण भागातल्या क्रीडागुणांना वाव देण्याबद्दल पंधरा मिनिटं सांगितलं. मुलींना पुढं बसवलं होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, वाजवायला सांगितल्या होत्या म्हणून. मी त्या दिवशी पहिल्यांदा प्रेसनोट अक्षर न् अक्षर वाचली. उपयोग काय?

पर्यायी मैदान शोधलं, मिळालं नाही. एक नदीपलीकडे होतं, तिथं जायला मुलींना एसटीच नव्हती. शेवटी मामांनी ब्लॉकवरच फक्की मारून रेषा आखल्या, खांबांसाठी चार ब्लॉक उचकटले. पिंजारीचाचांनी कापडाच्या कतरणीत कापूस भरून बाराच्या बारा मुलींना गुडघ्याची आणि कोपराची गाद्यांसारखी गुंडाळी शिवून दिली. ती बांधून मुली पळायला लागल्या की रस्त्यावरची माणसं थांबून हसायची. चौथ्या-पाचव्या दिवशी चाचांच्या मुलीनं सवयीनं सूर मारला. गुंडाळीनं कोपर वाचलं, हनुवटी वाचली नाही. टाके पडले. त्यानंतर मामांनी सूर बंद केला. म्हणाले, "हातानं शिवा. उभ्यानं शिवा." जे आयुष्यभर शिकवलं ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं बंद केलं.

सांगलीच्या निवड चाचणीला मीही गेले होते. तिथं मैदान मातीचं होतं, उत्तम होतं. मुलगी पळाली छान. दोन वेळा समोरची हातभर अंतरावर आली, तिनं अंग पुढं टाकायला घेतलं, आणि ऐन वेळी ती उभी राहिली. क्षणभरच. दोन्ही वेळा पुढची खांबाला वळसा घालून निसटली. मी ते उभं राहणं ओळखलं. मी दोन वर्षं तशीच उभी राहिले होते. पण माझ्या अंगात तो दोष आधीपासूनच होता. तिच्या अंगात तो आम्ही घातला.

यादीत नाव नव्हतं. परत येताना एसटीत मामा तिच्याशेजारी बसले होते आणि तिला पुढच्या वर्षाबद्दल सांगत होते. ती खिडकीबाहेर बघत हो म्हणत होती. दिवाळीनंतर ती यायची बंद झाली. चाचांच्या दुकानात बसते, गाद्यांना टाके घालते. मी जाता-येता बघते, ती हसते. माझ्यावर तिचा राग नाही, कारण तिला माहीत नाही.

मामांना मात्र सांगायचं मी ठरवलं. एका रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेले. ते दारात तांदूळ पाखडत होते. मी म्हटलं, मामा, ती फाइल दाखवा. त्यांनी आणली. वर्षानुवर्षांची कात्रणं, निवेदनांचे फोटो, त्यात मोबाइलकडे बघणाऱ्या मुलींच्या किती पिढ्या. सगळ्यांत वर माझी बातमी, प्लॅस्टिकच्या कागदात घातलेली. मी त्या पाचव्या ओळीवर बोट ठेवलं आणि ती मोठ्यानं वाचली.

"मामा, हे यात लिहिलं होतं. आधीपासून."

त्यांनी कात्रण डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं.

"मला बारीक अक्षर दिसत न्हाई ताई," ते म्हणाले. "हेडिंग मोठं व्हतं, त्ये वाचलं. वर तुमचं नाव व्हतं. म्हटलं, बाकीचं ताईनं वाचलं असंल की."

मग त्यांनी ते कात्रण परत प्लॅस्टिकमध्ये सरकवलं, फाइल मिटली, आणि चहा घेणार का म्हणून विचारलं.